'रन' : धावणे, चालणे, वाहणे

इंग्रजीत तीन अक्षरांनी लिहिले जाणारे 'रन' हे क्रियापद प्राथमिक शाळेतच शिकवले जाते आणि 'धावणे' एवढा एकच अर्थ सांगून धडा पुढे सरकतो. परंतु ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी याच शब्दाची नोंद नव्याने सिद्ध करण्यात पीटर गिलिव्हर या कोशकाराचे सुमारे नऊ महिने खर्ची पडले, आणि २०११ मध्ये ती लोकांपुढे आली तेव्हा नामाचे अर्थ बाजूला ठेवून केवळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ तीत वेगवेगळे नोंदलेले होते. त्याच कोशाच्या १९८९ च्या वीसखंडी आवृत्तीत सर्वांत विस्तृत नोंदीचा मान 'सेट' या क्रियापदाला होता आणि तिथे अर्थांची संख्या सुमारे ४३० होती. ठेवणे, बसवणे, मांडणे अशा स्थैर्याच्या अर्थांभोवती फिरणाऱ्या शब्दापेक्षा जलद गतीच्या शब्दाचा पसारा एवढा वाढावा, ही गोष्ट इंग्रजीच्या अभ्यासकाला जितकी विचार करायला लावणारी आहे तितकीच ती त्या भाषेतून रोज मराठीत मजकूर आणणाऱ्या अनुवादकाला अडचणीत टाकणारी आहे.

एका शब्दाला ६४५ अर्थ आहेत असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा वाद आधुनिक कोशशास्त्राने प्रथम उपस्थित केलेला नाही. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त त्याच्या दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत : अर्थ कितीही असोत, शब्द एकच असतो असे मानणारे एकशब्ददर्शन, आणि अर्थ बदलला की शब्दही निराळा होतो, सारखा राहतो तो केवळ त्याचा ध्वनी, असे मानणारे नानाशब्ददर्शन. आजच्या परिभाषेत पहिल्याला अनेकार्थता म्हणजे एकाच शब्दाला परस्परसंबद्ध अर्थ असणे, आणि दुसऱ्याला समरूपता म्हणजे भिन्न शब्द योगायोगाने एकसारखे दिसणे, या संज्ञांशी जोडता येईल. पुढील संवादात 'रन'च्या सर्व प्रयोगांमागे एकच अर्थ पाहणाऱ्याला अखंडवादी आणि प्रत्येक प्रयोगाचा हिशोब वेगळा ठेवू पाहणाऱ्याला भेदवादी म्हटले आहे.

अखंडवादी : कोशातील ६४५ ही गणना अर्थांची नसून प्रसंगांची आहे. एका दिव्याचा उजेड दहा भांड्यांवर पडला म्हणून दिवे दहा होत नाहीत. घोडा, नदी, घड्याळ, गिरणी, दुकान, नाटक, करार, अफवा आणि नाकातले पाणी या सर्वांना इंग्रजी माणूस एकच क्रियापद लावतो, तेव्हा त्याच्या मनात एकच कल्पना असते आणि कर्ता बदलल्यामुळे ती निरनिराळी दिसते, एवढेच. आपल्या वैयाकरणांना अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी पुत्रजन्माचा आनंद होत असे असे सांगतात. त्या लाघवाच्या, म्हणजे कमीत कमी नियमांत जास्तीत जास्त सामावण्याच्या तत्त्वाशी शेकडो अर्थांची ही यादी पूर्णपणे विसंगत आहे.

भेदवादी : लाघव सर्वांनाच हवे असते, पण ज्या एका अर्थात सर्व काही सामावते तो अर्थ आधी शब्दांत मांडून दाखवावा लागतो. आपण तो मांडावा.

अखंडवादी : पायांनी जलद जाणे, हा तो मूळ अर्थ. त्याला शरीरशास्त्राचा आधारही आहे : चालताना एक तरी पाऊल सतत जमिनीला टेकलेले असते, तर धावताना प्रत्येक ढांगेत एक क्षण असा येतो की दोन्ही पावले अधांतरी असतात. चालण्याच्या स्पर्धेत पंच याच गोष्टीवर नजर ठेवून असतात आणि दोन्ही पावले जमिनीपासून सुटलेली दिसली की तो दोष मानला जातो. इतकी स्पष्ट व्याख्या असलेली कल्पना नंतर रूपकाने, म्हणजे साम्यामुळे केलेल्या आरोपाने, इतर वस्तूंना लागू झाली.

भेदवादी : ही व्याख्या पायांच्या प्राण्यांनाही पुरत नाही. २००३ मध्ये जॉन हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमधील हत्तींच्या वेगवान चालीचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात ताशी सुमारे पंचवीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या हत्तीचेही चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटत नाहीत असे दिसले. आणि तरीही त्याच्या अवयवांची हालचाल काही बाबतींत धावण्यासारखी होती. मग हत्ती धावतो की नाही? पावलांवरून व्याख्या केली तर तो आयुष्यभर चालतच असतो. पण अंगावर येणारा हत्ती पाहून कोणताही इंग्रज तो 'चालत' येत आहे असे म्हणणार नाही. शब्दाचा वापर व्याख्येच्या आधी असतो, हे या एका उदाहरणावरून पुरेसे दिसते. मग घड्याळ आणि नाक यांच्या पायांचा प्रश्न तर उरतच नाही.

येथवर भेदवाद्याचे पारडे जड दिसते, परंतु अखंडवाद्याने पहिली व्याख्या टाकून देऊन शब्दाच्या इतिहासाकडे वळणे अधिक फलदायी ठरते, कारण 'रन'च्या बाबतीत इतिहास खरोखरच काही अनपेक्षित सांगतो.

अखंडवादी : पाय ही व्याख्या मागे घेतली तरी एकत्व नाहीसे होत नाही, ते फक्त अधिक खोल जाते. जुन्या इंग्रजीत या शब्दाची 'रिनन' आणि वर्णविपर्ययाने, म्हणजे वर्णांची अदलाबदल होऊन झालेली, 'इर्नन' अशी रूपे होती. पुढे उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतील समान शब्दाचाही त्यावर प्रभाव पडला. जर्मन भाषेत त्याच कुळातील दोन शब्द आजही शेजारी शेजारी नांदतात : 'रिनेन' म्हणजे वाहणे, झिरपणे आणि 'रेनेन' म्हणजे धावणे. याचा अर्थ असा की इंग्रजीत नदी किंवा नाक 'रन' होते तेव्हा ते धावणाऱ्या माणसाचे रूपक नसते. वाहणे हा या धातूचा धावण्याइतकाच जुना अर्थ आहे. नदीला माणसाची उपमा दिलेली नाही. माणूस आणि नदी यांना भाषेने प्रारंभापासून एकाच नजरेने पाहिले आहे.

भेदवादी : हे इंग्रजीपुरते खरे असेल.

अखंडवादी : संस्कृतातही तसेच दिसते. 'धाव्' या धातूचे धातुपाठात गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिलेले आहेत, आणि म्हणूनच 'धावन' म्हणजे धावणे तसेच धुणे. दात घासण्याला 'दंतधावन' म्हणतात ते याच दुसऱ्या अर्थाने. वैदिक भाषेत पाण्याच्या आणि सोमरसाच्या वाहण्यालाही हा धातू लागतो. याहून लक्षणीय गोष्ट पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त आहे. तिच्या सातव्या अध्यायातील एका सूत्राप्रमाणे 'सृ' या धातूला ठरावीक रूपांत 'धाव'चा आदेश होतो; आदेश म्हणजे एका रूपाची जागा दुसऱ्या रूपाने घेणे. टीकाकारांनी हा आदेश वेगवान गतीच्या अर्थापुरता मानला आहे, एरवी 'सरति' हेच रूप राहते. ज्या 'सृ'पासून 'सरिता' हा शब्द झाला, त्याच्याच वेगवान अवस्थेला 'धावणे' म्हणतात, असे जणू व्याकरणाने नोंदवून ठेवले आहे. आणि त्याच 'सृ'चे मराठी अपत्य पाहावे : 'बाजूला सर' म्हणताना 'सरणे' म्हणजे हलणे, आणि 'तेल सरले', 'दिवस सरला' म्हणताना 'सरणे' म्हणजे संपणे. इंग्रजीत 'रन आउट' म्हणजे साठा संपणे हा अर्थ ज्या वाटेने आला, त्याच वाटेने मराठीत 'सरणे' आले. दोन दूरच्या भाषा परस्परांना न विचारता त्याच ठिकाणी पोहोचतात, तेव्हा त्यामागे एक समान कल्पना असते, आणि ती अशी सांगता येईल : न अडता, न तुटता पुढे जात राहणे. घड्याळ असे जाते, नदी जाते, करार मुदत संपेपर्यंत जातो, नाटक प्रयोगामागून प्रयोग जाते, आणि माणूसही तसाच जातो.

'सरणे' हे या संवादातील सर्वांत मोलाचे उदाहरण आहे. मराठी बोलणारा दिवसातून अनेकदा तो शब्द वापरतो आणि त्यात गतीचा अर्थ दडलेला आहे याची जाणीव त्याला क्वचितच असते. त्यामुळे परक्या भाषेतील शब्दाचा विस्तार विचित्र वाटतो आणि आपल्या भाषेतील तितकाच मोठा विस्तार दिसतच नाही.

भेदवादी : इतिहासाबद्दल वाद नाही. वाद आहे तो इतिहास आजच्या बोलणाऱ्याच्या मनात असतो की नाही, याबद्दल. आणि आपण जी कल्पना सांगितली ती इतकी पातळ आहे की 'जाणे', 'चालणे', 'वाहणे', 'सुरू असणे' हे सर्व शब्द तिच्यात मावतात. मग इंग्रजी माणूस यंत्राला 'रन' का लावतो आणि 'वॉक' का लावत नाही, याचे उत्तर त्या कल्पनेतून मिळत नाही. अर्थ वेगळे आहेत की नाहीत हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे : दोन कर्ते एकाच क्रियापदाला जोडून पाहावेत, वाक्य सहज लागले तर अर्थ एक, आणि ऐकणाऱ्याला हसू आले तर अर्थ दोन. घोडा आणि हरिण दोघेही 'रन' होतात, हे वाक्य सहज लागते. चोर, नाक आणि वाण्याचे दुकान ही तिन्ही 'रन' होतात, हे वाक्य इंग्रजीतही विनोदीच वाटते. बोलणाऱ्याचे हसू हा अर्थभेदाचा साक्षीदार आहे आणि तो कोशापेक्षा प्रामाणिक आहे.

अखंडवादी : हसू येते ते कर्त्यांच्या विसंगतीमुळे.

भेदवादी : काही वेळा तसे असेल, पण रूढीचा भाग नाकारता येत नाही. अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीत 'रन' होतो, तर ब्रिटनमधील उमेदवार पार्लमेंटसाठी 'स्टँड' होतो, म्हणजे उभा राहतो. दोन्ही देश इंग्रजीच बोलतात, दोन्ही उमेदवार एकच काम करतात, आणि एक धावतो तर दुसरा उभा असतो. मोज्याचा धागा सुटून पडलेल्या उभ्या रेघेला अमेरिकन माणूस 'रन' म्हणतो आणि ब्रिटिश माणूस 'लॅडर' म्हणजे शिडी म्हणतो. न तुटता पुढे जाण्याच्या तत्त्वातून यांपैकी एकही गोष्ट आधी सांगता आली नसती. घडून गेल्यावर तिचे समर्थन करता येते, एवढेच. ज्या तत्त्वातून भाकीत करता येत नाही ते शब्दाचा अर्थ ठरवते असे म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय त्या ६४५ पैकी पुष्कळ अर्थ व्याकरणाच्या एका जुन्या घटनेतून जन्मले आहेत, जिच्याकडे आपण लक्ष दिले नाही. जुन्या इंग्रजीत स्वतः धावण्याला एक क्रियापद होते आणि दुसऱ्याला धावायला लावण्याला, विशेषतः घोडा दौडवण्याला, त्याच्याच कुळातील दुसरे प्रयोजक क्रियापद होते. कालांतराने ही दोन्ही एकाच रूपात मिसळली. म्हणून आज घोडा 'रन' होतो आणि मालक घोडा 'रन' करतो, यंत्र 'रन' होते आणि कामगार यंत्र 'रन' करतो. अर्थांची बेरीज तिथेच जवळपास दुप्पट होते.

हा मुद्दा मराठी वाचकाला तत्काळ पटण्यासारखा आहे, कारण मराठीत प्रयोजकाची खूण क्रियापदाच्या अंगावरच असते. 'चालणे' आणि 'चालवणे', 'पळणे' आणि 'पळवणे' हे कोणी एक शब्द मानत नाही, आणि 'मूल पळाले' व 'मूल पळवले' यांतील फरक तर पोलीस ठाण्यातील नोंदीचा प्रकार बदलून टाकण्याइतका मोठा आहे. इंग्रजी कोशकाराला एकाच नोंदीत जे बसवावे लागते ते मराठी कोशकार दोन नोंदींत वाटून टाकतो. तेव्हा अर्थांची संख्या हे केवळ भाषेच्या समृद्धीचे माप नसून तिच्या रूपव्यवस्थेचाही तो परिणाम असतो.

अखंडवादी : प्रयोजकाचा मुद्दा मान्य करता येईल. परंतु बोलणाऱ्याच्या मनात काहीच एकत्व नसेल, तर नव्या वस्तूला तो जुनाच शब्द कसा लावतो? संगणक निर्माण झाला तेव्हा त्यावरील आज्ञावलीला 'रन' लावावे असा ठराव कोठे झाला नव्हता. यंत्राला तो शब्द लागत होता म्हणून आज्ञावलीला लागला. त्याआधी गिरणीला लागत होता म्हणून इंजिनाला लागला.

भेदवादी : शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला लागला, हे खरे; पण शेवटच्या शेजाऱ्याचे पहिल्याशी तोंड जुळेलच असे नाही. लुडविग विट्गेनस्टाइन यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या ग्रंथात 'खेळ' या शब्दाच्या निमित्ताने कुलसाम्याची कल्पना आली आहे : एका घरातील कोणाचे नाक जुळते, कोणाची चाल जुळते, पण सर्वांत समान असा एकही अवयव नसतो. क्रिकेटचेच पाहावे. दोन फलंदाज खेळपट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे धावत म्हणून गुणाला 'रन' म्हणू लागले. आज चेंडू सीमेपार गेला तर चार किंवा सहा धावा मिळतात आणि त्यांसाठी एक पाऊलही उचलावे लागत नाही. वाइड चेंडू पडला तर काही न करताही एक धाव मिळते. न धावता मिळालेली धाव ही वदतोव्याघातासारखी, म्हणजे बोलता बोलताच स्वतःला खोटे पाडणाऱ्या विधानासारखी गोष्ट कोणाला खटकत नाही, कारण तो शब्द आता गतीचा राहिलेला नसून गणनेचा झाला आहे.

अखंडवादी : तरीही मराठीने त्याचे भाषांतर 'धाव' असेच केले आणि ते रुजले.

भेदवादी : रुजले, कारण 'धाव' हे नाम मराठीत आधीपासून अनेक कामे करत होते. बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्ट्याला धाव म्हणतात. विहिरीवर मोट चालत असे तेव्हा बैल ज्या उतरत्या वाटेने दोर ओढत जात त्या वाटेलाही धाव म्हणत. इंग्रजीतही जनावरांच्या वहिवाटीच्या वाटेला किंवा कोंबड्यांना फिरण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेला 'रन' म्हणतात. शिवणकामात एकाआड एक सरळ जाणाऱ्या टाक्याला दोन्ही भाषांत गतीचेच नाव आहे आणि मराठीत तो धावदोरा आहे. विमान उतरते ती धावपट्टी, फलंदाज धाव घेताना बाद झाला तर तो धावचीत. हे शब्द परके वाटत नाहीत, कारण त्या प्रत्येकात काहीतरी खरोखर धावते किंवा कधीकाळी धावत होते.

येथे दोन्ही पक्षांनी 'रन'ला 'धावणे' असे समजून घेतलेले आहे. त्या समजुतीचीच परीक्षा आता करणे आवश्यक आहे. इंग्रजी 'रन'चे नेहमीचे प्रयोग मराठीत कसे बोलले जातात ते पाहिले, तर 'धावणे' हे क्रियापद आश्चर्य वाटावे इतके थोड्या ठिकाणी येते. घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकान चालते, नाटक वर्षभर चालते, खटला चालतो, घराण्यात एखादी रीत चालत येते. नदी वाहते, नाक वाहते, कपड्याचा रंग जातो, विहीर आटते, तांदूळ सरतो, ताप येतो, जहाज वाळूत रुतते, रस्ता पुण्याला जातो आणि डोंगराची रांग दक्षिणोत्तर पसरते, बस दर तासाला सुटते, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. या यादीत धावणारे कोणीच नाही. इंग्रजीत जी जागा 'रन'ने व्यापली आहे ती मराठीत अनेकांनी वाटून घेतली आहे, आणि त्या वाटपात सर्वांत मोठा हिस्सा 'चालणे' या मंद गतीच्या शब्दाकडे गेला आहे.

अखंडवादी : म्हणजे मराठीतही एका गतिवाचक शब्दाने सातत्याचा अर्थ घेतलाच. इंग्रजीने धावणे निवडले, मराठीने चालणे निवडले, तत्त्व तेच. लॅटिनमध्ये 'कुरेरे' म्हणजे धावणे, आणि त्यापासून इंग्रजीतील 'करन्सी', 'करंट', 'करिक्युलम', 'कॉरिडॉर' हे शब्द आले. मराठीत त्यांतील पहिल्याला 'चलन' म्हणतात, दुसऱ्याला विशेषण म्हणून 'चालू' म्हणतात, उदाहरणार्थ चालू खाते, चालू घडामोडी. आणि तिसऱ्याला 'अभ्यासक्रम', ज्यात पाऊल टाकण्याचा 'क्रम्' हा धातू आहे. युरोपात पैसा धावतो आणि महाराष्ट्रात तो चालतो. खोटे नाणे मात्र दोन्हीकडे अडते. आणि मराठी माणूस संमती देताना 'चालेल' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पायही नसतो आणि वेगही नसतो. असते ते एवढेच की गोष्ट अडणार नाही. न अडता पुढे जाणे, हीच ती कल्पना.

'चालेल' या एका शब्दाने अखंडवाद्याच्या बाजूने जेवढे सिद्ध होते तेवढे जर्मन आणि नॉर्स रूपांनीही होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्यामुळे भेदवाद्याचा मूळ आक्षेप अधिकच धारदार होतो.

भेदवादी : तत्त्व एक असेल, पण त्यासाठी वेगवान शब्द निवडायचा की सावकाश, हे भाषेने ठरवले, आणि ती निवड एकदा झाली की उरलेला शब्द दुसऱ्या कामासाठी मोकळा होतो. मराठीत सातत्याचे काम 'चालणे'कडे गेल्यामुळे 'धावणे'ला हेतू, कळकळ आणि निकड यांचा अर्थ राखता आला. माणूस मदतीला धावून येतो, पळून येत नाही. संकटातून तो पळून जातो, धावून जात नाही. आणि अंगावर धावून जातो तेव्हा हेतू उलटा असला तरी दिशा समोरचीच असते. 'पळणे' हा शब्द 'पलायन'च्या घरातला आहे आणि त्याला पाठ फिरवण्याची आठवण आहे. भक्त देवाचा धावा करतो तो देवाने धाव घ्यावी म्हणून. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात वेळापूरच्या वाटेवर वारकरी पंढरीच्या ओढीने धावतात त्यालाही धावा असेच नाव आहे. इंग्रजीतील एकटा 'रन' मदतीला येणे आणि भिऊन जाणे या दोन्हींना पुरतो आणि दिशा दाखवण्यासाठी त्याला मागे 'टू', 'अवे', 'ॲट' असे छोटे शब्द लावावे लागतात. जिथे आपण एकत्व पाहता तिथे मराठी भाषा नैतिक भेद करते.

अखंडवादी : ते छोटे शब्द हेच इंग्रजीचे बळ आहे.

भेदवादी : निःसंशय, आणि तेच भाषांतराचे मुख्य संकट आहे. लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञांनी गतीच्या वर्णनाचे दोन घटक वेगळे केले : रीती, म्हणजे कसे गेला, आणि मार्ग, म्हणजे कोठून कोठे गेला. इंग्रजी क्रियापदात रीती सांगते आणि मार्ग पुढच्या छोट्या शब्दावर सोपवते. स्पॅनिशसारख्या भाषा क्रियापदात मार्ग सांगतात आणि रीती हवी तर वेगळी जोडतात. मराठीचा कल बराचसा दुसरीकडे आहे. इंग्रजीतील माणूस 'रन' होऊन खोलीच्या आत जातो, तेव्हा मराठीत 'तो धावत खोलीत शिरला' असे म्हणावे लागते : शिरणे हे मुख्य क्रियापद, धावत हे धातुसाधित, म्हणजे धातूपासून बनलेले सहायक रूप. 'तो खोलीत धावला' असे लिहिले तर तो खोलीतल्या खोलीत धावत होता असे आधी वाटते. 'तो घराकडे धावला' हे मात्र चालते, कारण तेथे उंबरठा ओलांडलेला नाही. रीती सांगण्याचे काम इंग्रजी क्रियापदांवर टाकते म्हणून तिला 'डॅश', 'डार्ट', 'स्प्रिंट', 'स्करी', 'बोल्ट' अशी वेगाची क्रियापदे मुबलक लागतात. मराठी तेच काम दुसऱ्या साधनांनी करते : मूल दुडुदुडु धावते, मुंगी तुरुतुरु जाते, गाडी भरधाव किंवा सुसाट जाते, घोडा चौखूर उधळतो, चोर धूम ठोकतो, घरातील बाई लगबगीने दाराशी येते. क्रियापदांची यादी ठेवून मराठीला गरीब ठरवणाऱ्यांनी ही क्रियाविशेषणे मोजलेली नसतात.

या टप्प्यावर अर्थ ठरतो कसा, हा प्रश्न उरतो. भर्तृहरीने अनेकार्थ शब्दाचा अर्थ निश्चित करणारी साधने सांगितली आहेत : साहचर्य, विरोध, प्रकरण, जवळच्या दुसऱ्या शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश, काल आणि इतरही. परंपरेत यासाठी 'सैंधव' या शब्दाचे उदाहरण दिले जाते, ज्याचा अर्थ मीठ असाही होतो आणि सिंधू देशातील घोडा असाही होतो. जेवताना 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. इंग्रजी 'रन'लाही हीच कसोटी लावावी लागते : काय 'रन' होते, ते स्वतः होते की कोणी करते, मागे कोणता छोटा शब्द आहे, आणि बोलणारा अटलांटिकच्या कोणत्या किनाऱ्यावरचा आहे. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की ६४५ अर्थांतील नेमका अर्थ पुढे येतो, आणि तो येतो तेव्हा त्याच्यासोबत मराठी क्रियापदही येते, जे बहुधा 'धावणे' नसते.

अखंडवादी : मग मराठी वृत्तपत्रांत रेल्वेच्या विशेष गाड्या 'धावणार' असे छापतात, तेही चुकीचे म्हणावे काय?

भेदवादी : नाही. रथ आणि घोडे मराठीत पूर्वीपासून धावत आले आहेत, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली तेव्हापासून डोळ्यांसमोर खरोखरच धावणाऱ्या त्या वाहनाला हा शब्द लागणे स्वाभाविक आहे. 'अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी धावणारा उमेदवार' हे मात्र चुकीचे आहे; तिथे उमेदवार धावत नाही, शब्दकोशातला पहिला अर्थ धावतो. 'ही योजना शासन धावते' असे कोणी लिहीत नाही, कारण तिथे कान सावध असतो. जिथे कान झोपतो तिथे पहिला अर्थ आत शिरतो.

अखंडवादी : इतके मान्य केले, तर आपण दोघे एकाच गोष्टीची दोन टोके धरून आहोत असे म्हणता येईल.

भेदवादी : टोके दोन असतील, पण वाचकापुढे येते ते भाषांतराचे टोक.

प्रस्तुत लेखाचा कौल याच बाजूला झुकतो. इतिहासाच्या बाबतीत अखंडवाद्याचे म्हणणे खरे आहे : 'रन'च्या मुळाशी पाय किंवा वेग नसून अखंड पुढे जाणे आहे, आणि नदीचे वाहणे हे त्या शब्दाचे उसने घेतलेले रूप नाही. परंतु नेमके हेच खरे असल्यामुळे 'धावणे' हा त्याचा मुख्य मराठी अर्थ ठरू शकत नाही. तो मान 'चालणे'चा आहे. थॉमस कँडी यांनी मोल्सवर्थ यांचे काम पुढे नेऊन १८४७ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्रजी-मराठी कोशापासून आजपर्यंत अशा शब्दांपुढे अनेक मराठी क्रियापदे मांडावी लागली आहेत. शाळेच्या पुस्तकात आल्यावर मात्र त्यांतील एकच उरते आणि तेच मुलाच्या मनात आयुष्यभर राहते. म्हणून शालेय शब्दकोशांच्या संपादकांना आणि इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना विनंती अशी की, 'रन'पुढे पहिल्याच ओळीत 'धावणे, चालणे, वाहणे' हे तिन्ही शब्द लिहावेत, आणि त्यांच्याखाली घोडा धावतो, घड्याळ चालते, नदी वाहते ही तीन वाक्ये द्यावीत.